चूर्णातला रेणू

गोळ्या घेतल्या नाहीत तर पाय जाईल, असं डॉक्टरनं बजावलं होतं. तरी नानासाहेबांनी शुगरची गोळी तोंडात टाकली नाही. “कंपनीवाले त्यात काय कालवतात, कुणाला ठावं?” त्यांचा भरवसा फक्त वैदूच्या चूर्णावर, आणि शुगर तर खरंच उतरली होती.

मुलगा रणजीत चाकणला ज्या कंपनीत होता, तिथं इन्फ्रारेड लेझर टाकून पदार्थातला रेणू न् रेणू ओळखणारा कॅमेरा आला होता. नानासाहेबांनी त्याच्या हाती एक गोळी आणि आपल्या वाटीतलं चिमूटभर चूर्ण दिलं. “त्या डॉक्टरची लबाडी पकडून आण.”

संध्याकाळी रणजीत गोंधळलेल्या चेहऱ्यानं परतला. “आबा, गोळी अस्सल आहे. पण तुमच्या चूर्णातही तेच औषध निघालं.”

नानासाहेबांनी जरा विचार केला आणि मांडीवर थाप मारली. “मला वाटतच हुतं! डॉक्टर आमच्या वैदूचं औषध चोरतोय!”

“मेला चोरच की,” स्वयंपाकघरातून अंबुबाईंनी नवऱ्याला दुजोरा दिला,



आणि रात्रीच्या चूर्णात मिसळायची गोळी नेहमीसारखी खलबत्त्यात टाकली.