भट्टीतली पट्टी

"परत नाही म्हणालीस?" नवऱ्याने विचारलं. "प्राध्यापकपद, स्वतःची प्रयोगशाळा, सगळं ताटात वाढून आलं होतं!"

"सरांची पट्टी आहे ना इथे."

"सवत बायकांना असते म्हणतात. मला मिळाली, तीही धातूची!"

ती हसली, डबा पिशवीत टाकला आणि निघाली.

पट्टी बोटाएवढी होती. सरांनी बनवलेल्या मिश्रधातूची. लालबुंद भट्टीच्या पोटात ती उभी टांगलेली, आणि बाहेर लांब दांडीला लटकवलेलं वजन तिला सतत ओढणारं. तापलेला धातू अशा ओढीने मुंगीच्या पावलांनी लांबत जातो आणि एक दिवस तुटतो. आपला तुटणार नाही, असं सर जन्मभर म्हणत आले, आणि लोक गालातल्या गालात हसत आले. निवृत्त होताना सरांनी भट्टीची जबाबदारी आपल्या या विद्यार्थिनीवर सोपवली. लेक सासरी धाडताना बापाचा होतो तसा आवाज झाला होता त्यांचा.

"सांभाळ गं."

भट्टी हलवली की प्रयोग मोडला. म्हणून तीही हलली नाही. मागून आलेले पुढे गेले, आणि ती होती त्याच खुर्चीत राहिली.

दर आठवड्याला सरांचा फोन यायचा. "काय म्हणतेय आपली पोर?"

"मजेत आहे सर. केसभर लांबलीय."

"लांबू दे. तुटत नाही ती!"

त्या दिवशी मात्र सर स्वतःच आले, काठी टेकत, धापा टाकत.

"तुझा नवरा येऊन गेला घरी. तक्रारीचा शब्द नाही. चहा घेतला आणि गप्प बसून राहिला."

"त्याचं काय मनावर घेता, सर!"

"या पट्टीपायी नाही म्हणालीस ना तिकडे?"

"छे हो. मलाच नको होतं."

"खोटं बोलणं तुला कधी जमलंच नाही, पोरी. जा, पाणी आण जरा."

ती बाहेरच्या लांब व्हरांड्याच्या टोकाला गेली. पेला भरत होता तेवढ्यात मागे दाणकन आवाज झाला. धावत आली तर दांडी जमिनीला टेकलेली, तास मोजणारं घड्याळ थांबलेलं, आणि सर स्टुलावर बसलेले.

"तुटली," सर म्हणाले. "वय झालं होतं तिचं. लोक म्हणत होते तेच खरं."

दांडीचं काळं वंगण सरांच्या दोन्ही तळव्यांना आणि पांढऱ्या बाह्यांना लागलं होतं. अंगातलं होतं नव्हतं वजन टाकून ते त्या दांडीला लोंबकळले होते.

तिने पेला त्यांच्या ओठाला लावला.

"रडतेस काय वेडे? तुझी सुटका झाली. लाव तिकडे फोन, माझ्यासमोर."

तिने फोन लावला आणि हो म्हणाली. सरांनी डोळे मिटून मान डोलावली.

त्यांना गाडीत बसवून ती परत आली आणि भट्टी बंद केली. मग आपल्या कपाटाच्या तळातून कापसात जपून ठेवलेले दोन तुकडे बाहेर काढले. आज तुटली ती तिनेच मागाहून टांगलेली दुसरी पट्टी होती. सरांची पट्टी तुटून दोन वर्षं झाली होती.