लांडगे कामाला ठेवताना

"यावर कुणी विश्वास ठेवणार नाही," तोलोगोन अके म्हणाले, "पण मी एकदा मेंढ्या राखायला लांडगे कामाला ठेवले होते."

बेगीमायच्या हातातला चहाचा वाडगा तसाच राहिला. सकाळपासून तिनं सासऱ्यांना, सगळ्यांच्या या वडीलधाऱ्या अकेंना, बजावलं होतं. अल्माटीचा पाहुणा जेवायला येतोय. मांस संपेपर्यंत कामाचा विषय निघणार नाही. आणि तुम्ही गोष्ट सांगायची नाही. अकेंनी मान डोलावली होती. मान डोलावणं ही त्यांची सगळ्यात जुनी थाप.

"अके, पाहुण्यांना जेवू द्या," ती हळूच म्हणाली.

"जेवू दे की. ऐकायला कुठं दात लागतात?"

पाहुण्याचं नाव येरसायिन. धान्याच्या मोठ्या कझाक कंपनीचा माणूस. अकेंच्या अंगणातल्या जुन्या तबेल्यात बेगीमाय आणि तिची पाच पोरं सॉफ्टवेअर लिहीत बसायची. कंपनीला आपलं काम बाहेर द्यायचं होतं, आणि ते कसं द्यायचं हे येरसायिन ठरवणार होता. टोळीतल्या एल्चिबेकनं अकेंना आदल्या दिवशीच तिन्ही वाटा समजावल्या होत्या. एक तर कंपनी दोन हुशार माणसं वेचून अल्माटीला नेणार. नाहीतर एकच काम ठरल्या दामात देणार. ते झालं की संबंध संपला. नाहीतर अख्खी टोळी आपली म्हणून कायमची ठेवणार.

अकेंना सॉफ्टवेअरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण बायको गेली, पाठोपाठ घोडे विकले, तेव्हा तो तबेला किती गप्प झाला होता ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. आता तिथं दिवसभर भांडणं चालायची, खिदळणं चालायचं, कुणीतरी कुणाच्या तरी नावानं ओरडत असायचं. पहिल्या दोन वाटांपैकी कुठलीही धरली तरी तबेला पुन्हा गप्प होणार होता.

म्हणून लांडगे.

"पहिल्या वर्षी मी शहाणपणा केला," अके म्हणाले. "कळपातले दांडगे दोघं निवडले आणि तेवढेच घेऊन आलो. दिसायला काय रुबाबदार. पण अंधार पडला की दोघं डोंगराकडे तोंड करून रडायला बसायचे. घरची आठवण. त्यांचं रडणं ऐकून मेंढ्यांना झोप लागेना. मेंढ्या वाळल्या. मीही वाळलो."

"तुम्ही कधी वाळलात, अके?" सैकालनं विचारलं. टोळीत ती सगळ्यात धाकटी.

"तेव्हाच. नंतर भरून काढलं."

येरसायिनपुढे मानाचं मेंढीचं डोकं ठेवलेलं होतं. त्यानं गंभीर चेहऱ्यानं कान कापला आणि रिवाजाप्रमाणे धाकट्या सैकालच्या हातावर ठेवला. "आणि दुसऱ्या वर्षी?"

"दुसऱ्या वर्षी कामच ठरवून दिलं. पहिला बर्फ पडेपर्यंत राखण, बदल्यात मोजून मेंढ्या. लांडगे शब्दाचे पक्के. जरा कुठं भुरभुर सुरू झाली, तशी शेपट्या झटकून उठले. मी म्हटलं, अरे बाबांनो, वादळ येतंय, खरी गरज तर आत्ता आहे. तर म्हणतात कसे, अके, वादळाचं आपलं काही बोलणं झालं नव्हतं."

"बरोबर आहे त्यांचं," येरसायिन म्हणाला. "लेखी घ्यायचं होतंत."

"लांडग्याला वाचता कुठं येतं?"

"किरगीझ लांडग्याला येत नसेल. आमच्याकडच्याला येतं."

पोरं हसली. बेगीमायनं मात्र वाडग्यातून डोळे वर केले नाहीत.

"तिसऱ्या वर्षी मी अख्खा कळप आणला. पिल्लं, म्हातारे, एक लंगडा होता तोही."

"लंगडा म्हणजे मी," एल्चिबेक पुटपुटला.

"तो पळायचा नाही, पण वादळाचा वास त्याला दोन खिंडी पलीकडून यायचा. एक झोपला की दुसरा जागा. रडणं नाही, काम अर्धवट टाकणं नाही. मेंढ्या अशा माजल्या, अशा माजल्या, की लोकरीत तोंड कुठं आहे ते चाचपून पाणी पाजावं लागे. शेवटी दुसऱ्या डोंगरातले लांडगे कामाला घ्या म्हणून आमच्या दाराशी येऊन बसले."

येरसायिन हसला नाही. नुसता चघळत राहिला. अख्खा कळप म्हणजे खर्चाचं काम, असं तर याच्या मनात आलं नसेल? अकेंनी घाईघाईनं शेवटची थाप मारली.

"आणि स्वस्तात पडला, हां. कळपाची म्होरकी एक मादी होती. आमच्या सुनेसारखीच, सारखी खेकसणारी. तिला दुसरीकडे कुणी दारात उभं करत नव्हतं. म्हणून आली बिचारी मिळेल त्यावर, आणि तिच्यामागं बाकीचे आले."

येरसायिननं सुरी खाली ठेवली. हात पुसले.

"हे मात्र खोटं, अके."

"यातलं एवढंच?"

"बाकीचं पटलं. पण तिला कुणी दारात उभं करत नव्हतं, हे साफ खोटं. परवा मीच फोन करून तिला एकटीला अल्माटीला बोलावलं. घर देतो म्हटलं. तर म्हणाली, सहाही जण घेणार असाल तर पुढं बोला, आणि टोळी या तबेल्यातून हलणार नाही. येऊन सांगतो म्हटलं होतं, तर सांगतो: सहा करार गाडीत आहेत, मांस संपलं की आणतो. तबेलाच कशाला, असंही विचारलं मी तिला. तर म्हणते, आम्ही गेलो तर सासऱ्यांच्या थापा ऐकायच्या कुणी?"