उघडं लोखंड

"खरवडताय कशाला भावजी? त्या जुन्याच बोल्टला आवळून टाका ना," मेहुणा टॉर्च धरून म्हणाला. "कंपनीचा रंग आहे. उगाच गाडीला डाग पाडाल."

"अर्थिंगला रंग चालत नाही. उघडं लोखंड लागतं," वायरमन बोनेटखालून गुरगुरला. "रंगावर जोडलेली वायर म्हणजे नुसती शोभा."

त्याने उभा जन्म जहाजांच्या पोटात वायरी ओढण्यात घातला होता. त्याला मेहुण्याने शिकवायचं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं.

गाडी म्हातारी होती. लाल, बुटकी, दोन सीटांची स्पोर्ट्स कार. धावायची झकास, पण हेडलाइट लावले की इंजिन खोकायचं आणि हॉर्न दाबला की दिवे डोळे मिचकावायचे. म्हणून त्याने अर्थिंगच्या जाड वायरींचा संच मागवला होता. बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक वायर इंजिनला, एक गिअरबॉक्सला, आणि शेवटची गाडीच्या अंगाला, चाकाच्या वरच्या पत्र्यावर. पहिल्या दोन बसल्या होत्या. तिसऱ्या जागेवर वायरमन पॉलिश पेपर घासत होता.

"टॉर्च नीट धर. हात का थरथरतोय? सकाळीच घेतलीस की काय?"

"सोडून किती वर्षं झाली, भावजी."

"कुत्र्याचं शेपूट नळीत घालून ठेवलं म्हणजे सरळ झालं असं नसतं, राजे."

मेहुणा हसला नाही.

गॅरेजच्या भिंतीवर, दोन खिळ्यांना, पोरीची सायकल टांगलेली होती. मागचं चाक वाकडं, मडगार्ड चेपलेलं, आणि मडगार्डवर पिवळ्या रंगाचा एक ओरखडा. शिकवणीहून घरी येताना वळणावर तिला कुणीतरी उडवलं आणि मागे वळूनही न बघता पसार झालं. हवालदार म्हणाला होता, "रस्त्यावर ब्रेकची खूणसुद्धा नाही. एकतर पिऊन तर्र असणार, नाहीतर स्टिअरिंग पहिल्यांदा हातात घेतलेलं माकड."

वायरमन तेव्हा भर समुद्रात होता. आदल्याच आठवड्यात फोनवर बायको खुसुखुसु हसत होती. "या तर घरी! आल्यावर एक गंमत दाखवते." तो आला तेव्हा सगळं आटोपलेलं. पोरीचं तोंडही दिसलं नाही. गंमत कसली होती, हे कोण विचारणार?

त्यानंतर तो जहाजावर परत गेला नाही. पिवळी गाडी दिसली की त्याचं डोकं फिरायचं. गॅरेजं पालथी घातली, भंगारवाल्यांच्या ढिगांत तोंड घातलं. एका गरीब मास्तराची तर भर रस्त्यात गचांडी धरली. मास्तराची गाडी अपघातानंतर घेतलेली निघाली. लोक म्हणाले, सरकला. सरकला तर सरकला. ज्याची पोरगी मेली त्याने शहाणपण कुणासाठी राखायचं? एकदा तो माणूस हाताला लागू दे, एवढंच त्याचं मागणं होतं.

त्याच वर्षी मेहुण्याने ही लाल गाडी आणून दिली. "ठेवा भावजी. हातांना काम लागेल, मन रमेल." आणि खरंच रमलं. पुढे एक गिऱ्हाईक गाडी विकत मागायला घरी आलं तेव्हा बायकोने दारातूनच हाकललं. "ही गाडी आमच्या घरातून कुठे जाणार नाही!" वायरमनला भरून आलं होतं. स्वतः ती त्या गाडीत कधी बसली नाही. मळमळतं म्हणायची.

आताही ती चहा घेऊन आली ती उंबऱ्यावरच थांबली.

"खरवडताय?" तिने विचारलं.

"हो. एवढंसं. झाकून जाईल."

ती परत गेली नाही.

लाल रंग निघाला. खाली पांढरट अस्तर लागलं. वायरमनने पेपरची घडी बदलली आणि जोर लावला. अस्तर सुटलं, पण लोखंड आलं नाही.

त्याने अंगठ्याने भुकटी पुसली.

"टॉर्च इकडे आण."

मेहुणा हलला नाही. वायरमनने टॉर्च हिसकावून घेतला. पत्र्यावर पिवळा ठिपका होता. पिकत आलेल्या लिंबाचा पिवळा, हिरवट झाक असलेला. हा रंग त्याने झोपेतही ओळखला असता.

त्याने सायकल खाली काढली. तिचं मडगार्ड पत्र्याला लावलं. ओरखडा आणि ठिपका शेजारी शेजारी आले, आणि कुठला कुठे संपतो ते कळेना.

सायकल खडखडत खाली पडली. पुढच्या क्षणी मेहुण्याची मान वायरमनच्या पंजात होती आणि पाठ इंजिनावर.

"कंपनीचा रंग, काय रे? माझ्या पोरीला चिरडून तीच गाडी माझ्या दारात आणून बांधलीस? मलाच तिच्यात बसवून फिरवलंस? हरामखोरा, किती ढोसली होतीस?"

मेहुण्याने हात वर केला नाही. त्याने फक्त उंबऱ्याकडे पाहिलं.

"ताईकडे काय बघतोस? माझ्याकडे बघ! तूच होतास ना?"

"हो," मेहुणा घुसमटत म्हणाला. "मीच. मारा मला, भावजी. पण ताईला आत जाऊ द्या."

वायरमनने दुसऱ्या हाताने पाना उचलला.

बायको उंबरा उतरून आत आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती गाडीला टेकून उभी राहिली. तिने पाना धरलेलं त्याचं मनगट पकडलं. तिचा हात थंडगार होता, पण जराही थरथरत नव्हता.

"सोडा त्याला," ती म्हणाली. "तो शेजारी बसला होता. मला गाडी शिकवत होता."