तेविसावं नाव

१९९९ साल. गुडीहत्नूरच्या शाळेतल्या पंचशीलाबाई रविवारी दुपारी आदिलाबादच्या कॉम्प्युटर क्लासला जायच्या. वेबपान करायला कोणी धड शिकवत नव्हतंच. वहीत उतरवलेल्या कोडच्या खुणा टाइप करायच्या आणि चुकलं की पुसायचं. त्या दिवशी त्यांनी आपल्या वर्गाच्या हजेरीचं पान केलं. इंग्रजी अक्षरांत बावीस नावं टाकली. पडद्यावर तेवीस आली.

शेवटचं नाव होतं जिजा धोंडीबा. पुढे, 'गैरहजर'.

बाईंचं डोकंच फिरलं. जिजा महिनाभर आली नाही, म्हणून तिचं नाव त्यांनीच हजेरीपटातून लाल शाईनं कापलं होतं. घरोघर विचारत कोणी फिरायचं?

"चंपत सर, माझ्या फायलीत हात काऊन घातला?"

क्लासचे मालक शेजारच्या टेबलावरून म्हणाले, "मी काऊन घालू, बाई? चूक तुमचीच असन. एकेक ओळ काढत जा, सापडते."

"माझी चूक? नाव कापायचा कायदाच हाये! मी का मनानं कापलं?"

चंपत सरांनी नावाचं काही विचारलंच नव्हतं.

बाई तणतणत एकेक ओळ काढत गेल्या. दर वेळी फाईल सेव्ह करून पान पुन्हा उघडायच्या. बाकीची नावं एकेक करून गेली, जिजा राहिली. शेवटी फाईल कोरी झाली, एक अक्षरही उरलं नाही.

"आता दिस म्हणाव!" म्हणत त्यांनी पान उघडलं.

पांढऱ्या पानावर एकच नाव होतं. पुढचं 'गैरहजर' मात्र गेलं होतं. तिथं आता होतं, 'हजर'.