हॅलेची हजेरी

"फोटोचं अ‍ॅप? माझं कॅलेंडर बघून हे काय करणार? चल, वर्गाबाहेर!"

बोधनकर सरांनी कॉम्प्युटरवर त्याचं बटण बंद केलं. त्यांचं कॅलेंडर कोणकोणती अ‍ॅप्स बघतात, त्याची यादी नातीनं, ऋतानं, उघडून दिली होती. निवृत्तीला वीस वर्षं झाली, तरी सर ती हजेरीपटासारखीच वाचत होते. खरेदीचं अ‍ॅप गेलं, बातम्यांचं गेलं.

"हे आकाशदर्शनाचं. याची कसली लुडबुड?"

"ते नुसतं बघत नाही आजोबा, लिहितंसुद्धा. थांबा, दाखवते."

तिनं कॅलेंडर पुढे पळवलं. ग्रहणं, उल्कावर्षाव मागे पडत गेले आणि जुलै २०६१ वर ती थांबली. तिथे लिहिलं होतं : हॅलेचा धूमकेतू.

सरांचा हात माउसवरच राहिला. शहाऐंशी साली भल्या पहाटे अख्खा वर्ग टेकडीवर नेऊन त्यांनी तो दाखवला होता. शाळेत आल्यावर गमतीनं हजेरीपटात शेवटचं नाव त्याचं घातलं होतं : हॅले, हजर. आणि आता पंच्याहत्तर वर्षांची चक्कर मारून तो परत येणार, तोही सांगितलेल्या महिन्यात! इतका वक्तशीर विद्यार्थी त्यांना उभ्या नोकरीत भेटला नव्हता.

"तेव्हा मी पंचेचाळीस वर्षांची असेन," ऋता बोटांवर मोजून म्हणाली. "आणि तुम्ही?"

सर हसले. त्यांनी ते बटण चालूच ठेवलं आणि नोंदीखाली एकेक अक्षर शोधत टाइप केलं : "ऋता, टेकडीवर जा. त्यानं माझं नाव पुकारलं, तर 'हजर' म्हण."