मशीनचा सत्कार

पुरस्कार कॉफीच्या मशीनला जाहीर झाला. टाळ्या पडल्या, पण जरा उशिराने. लोकांना आधी एकमेकांकडे बघून घ्यावं लागलं.

मनुष्यबळ विभागाच्या बाईंनी नाव पुन्हा वाचलं. सर्वांना सामावून घेणारा यंदाचा सहकारी: कॉफीचं मशीन, पहिला मजला. गेल्या वर्षी हा मान साहेबांच्या मेव्हण्याला मिळाला होता आणि त्यावरून बरीच कुजबुज झाली होती. म्हणून यंदा बाईंनी गुप्त मतदान ठेवलं, आणि लागेल तो निकाल मान्य असेल असं स्वतःच्या सहीनिशी फलकावर लावून टाकलं. विक्री विभागातल्या दाढीवाल्याने गंमत म्हणून मशीनचं नाव पुढे केलं. गंमत बहुमताने निवडून आली. बाई डगमगल्या नाहीत. पदक त्यांनी मशीनच्या गळ्यात, म्हणजे नळाला, अडकवलं.

समारंभ पॅसेजमध्येच होता, मशीनसमोर. सगळे उभे, फक्त पगारताई बसलेली. ती पगार विभागात आहे आणि खुर्ची स्वतःची, चाकांची, घेऊन फिरते, त्यामुळे पहिली रांग तिला कायमची. तिनेही मत मशीनलाच दिलं होतं. गंमत म्हणून नाही.

मशीनच्या टेबलाचा पाय मोडला तेव्हा वायरमनने ते दोन दिवसांपुरतं एका बुटक्या स्टुलावर ठेवलं होतं. ते दोन दिवस अजून संपले नव्हते. तेव्हापासून कॉफी हवी तर सगळ्या ऑफिसला कमरेत वाकावं लागे. पगारताईला तेवढं वाकावं लागत नसे. आणि कप भरेपर्यंत वाकलेल्या माणसाचं तोंड नेमकं तिच्या तोंडासमोर येई. इतक्या जवळ तोंड आल्यावर माणूस काहीतरी बोलतोच. दाढीवाल्याने सासूची सगळी गाऱ्हाणी तिथेच सांगितली होती. साहेबांच्या पुढच्या दातांत फट आहे हे तिला तिथेच कळलं. त्याआधी ऑफिसातल्या माणसांना ती पट्ट्यांच्या बकलांवरून ओळखायची.

नुसतं पदक देऊन भागणार नाही, विजेत्याला साजेशी जागाही हवी, असं बाई म्हणाल्या आणि त्यांनी खूण केली. वायरमन आणि सुतार एक नवा कोरा, पॉलिश केलेला चौथरा ढकलत घेऊन आले. चांगला छातीएवढा उंच. मशीन त्यावर चढलं. चढवताना वायरमनने एकदा पगारताईकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग वायरकडे. वायर पुरत होती. तक्रारीला जागा नव्हती.

कमरेची सुटका झाली एकदाची, असं मागून कोणीतरी म्हणालं. या खेपेला टाळ्या वेळेवर आल्या.

पगारताईने हात वर केला. तिला दोन शब्द बोलायचे असतील असं समजून बाईंनी सगळ्यांना शांत केलं.

"ते खालीच बरं होतं," पगारताई म्हणाली. "आता माझा हात पोचत नाही."

बाईंचा चेहरा उजळला. हा विचार त्यांनी आधीच करून ठेवला होता. त्यांनी पिशवीतून हिरवे बिल्ले काढले. त्यावर 'समावेश मित्र' असं छापलेलं होतं. आजपासून पगारताईने मशीनपर्यंत यायचंच नाही. ज्याच्या छातीवर बिल्ला, तो तिची कॉफी टेबलावर आणून देईल. पुढच्या वर्षीचा पुरस्कार या मित्रांमधूनच. बिल्ल्यांवर उड्या पडल्या. दाढीवाल्याने दोन घेतले.

"कॉफीचं नाही हो," पगारताई म्हणाली. पुढचं वाक्य तिला जुळवता येईना. सगळे वरून तिच्याकडे बघत होते, अगदी मायेने.

बाई म्हणाल्या, संकोच करू नका, काय हवं ते सांगा, आज तुमचाच दिवस आहे. आजचा दिवस मशीनचा होता, पण ते कोणी मनावर घेतलं नाही.

"मग एक खुर्ची द्या," पगारताई म्हणाली. "माझ्या टेबलाशेजारी."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग ती बसली होती त्या खुर्चीकडे पाहिलं. मग चाकांकडे.

"तुम्हाला खुर्ची," त्या म्हणाल्या, आणि लगेच मंजूर करून टाकली.

खुर्ची जेवणाच्या सुट्टीआधीच आली. मऊ गादीची, बिनचाकांची. पगारताईने ती आपल्या समोर, जराशी तिरकी लावून घेतली. गादीवरून एकदा हात फिरवला आणि कामाला लागली.

पहिला मित्र कॉफी घेऊन आला. टेबलावर कागद पसरलेले होते. त्याने कप खुर्चीवर ठेवला, बरी सोय केलीत म्हणाला आणि गेला. दुसऱ्याने आपला कप त्याच्या शेजारी ठेवला. तिसरीने साखर किती ते आठवणीने विचारलं आणि उत्तर यायच्या आत ती लिफ्टपाशी पोचली होती. वागायला कोणीच वाईट नव्हतं. पगारताई ओव्हरटाइमचे आकडे भरत राहिली. पहिली कॉफी ती प्यायली. बाकीच्यांवर साय धरली.

ऑफिस सुटायच्या सुमाराला दाढीवाला आला. शर्टावर दोन्ही बिल्ले, हातात वाफाळता कप. खुर्चीवर कप ठेवायला इंचभरही जागा नव्हती. तो उभ्या उभ्या काळजीत पडला.

पगारताईने संगणकावरचा हात काढला. ती खुर्चीवरचे कप एकेक करून उचलायला लागली, आणि ठेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून आपल्या मांडीवर घ्यायला लागली. एक हिंदकळला. तिने तो तसाच धरून ठेवला. गादी अर्धी मोकळी झाली.

"अहो ताई, राहू द्या, कशाला त्रास," दाढीवाला म्हणाला. "मी अजून एक खुर्ची सांगतो."