होळीच्या सकाळी आटलेलं कारंजं

रविवारी चौघे मित्र हर्सूलच्या अलीकडची नवाबाची जुनी कोठी बघायला गेले. तिघं आरसेमहालात फोटो काढत राहिले. मंदार मात्र अंगणातल्या कोरड्या हौदापाशीच अडकला.

"काका, हे कारंजं दुष्काळानं आटलं का?"

राखणदार काकासाहेबांनी मान हलवली. "बहात्तरच्या दुष्काळात बी चालू व्हतं, साहेब. डोंगरापासनं जमिनीखालून नहर येती. मोटर नाय, काय नाय. अन् ह्या होळीला सकाळी बघतो तर टिपूस नाय."

"कुठं अडलं ते शोधलं का?"

"कुठं शोधायचं? वर समदं शहर वाढलंय."

मंदारला काही चैन पडेना. तो त्यांना घेऊनच गच्चीवर चढला. नहरीच्या वाटेवरचे जुने दगडी मनोरे डोंगराकडं एका रेषेत उभे होते. मंदार बोटानं मोजू लागला. एक, दोन, तीन. चौथ्याच्या जागी नऊ मजली गुलाबी इमारत होती.

"कुणाची हो ती?" काकासाहेबांनी विचारलं.

मंदारचं बोट हळूच खाली आलं. त्या इमारतीच्या तळघरात, पार्किंगमध्ये, वर्षानुवर्षं जमिनीतून पाणी यायचं. सोसायटीचा अध्यक्ष म्हणून त्यानंच उभं राहून तिथं सहा गाड्या काँक्रीट ओतून घेतलं होतं. होळीच्या आदल्या दिवशी. आणि संध्याकाळी नऊही मजल्यांवर पेढे वाटले होते.